एकाच मुंबईत इतकी कॅथेड्रल कशी?

मंजिरी_डोंबिवली

माझं ऑफिस फोर्टात, हॉर्निमन सर्कलच्या मागे. सेंट थॉमस कॅथेड्रलवरून रोज जाणं-येणं होतं. मध्यंतरी कुलाब्याला काम निघालं, तेव्हा दोन उंच मनोऱ्यांचं होली नेम कॅथेड्रल पाहिलं. एका शहरात दोन कॅथेड्रल कशी? त्यातलं मुख्य कोणतं? आणि सप्टेंबरातल्या जत्रेला जिथे अख्खी मुंबई लोटते, ती वांद्र्याची माउंट मेरी कॅथेड्रल का नाही? जुन्या गोव्यातही हेच दिसलं. बॉम जीझसला रांग, आणि समोरच्या एवढ्या प्रचंड से कॅथेड्रलमध्ये मोजकी माणसं.

इंटरनेटवर भारतातल्या कॅथेड्रलांच्या याद्या सापडतात, पण यादी वाचून 'का' ते कळत नाही. इथल्या ख्रिस्ती सभासदांनी सांगितलं तर फार बरं होईल.

पापडीकर

मंजिरीताई, कॅथेड्रल ठरतं ते बिशपमुळे. बिशप म्हणजे एका भागातल्या सगळ्या चर्चचा प्रमुख, आणि तो भाग म्हणजे त्याचा धर्मप्रांत. ज्या चर्चमध्ये त्या धर्मप्रांताच्या बिशपचं अधिकृत आसन असतं ते कॅथेड्रल. जिल्ह्याचं ठिकाण जसं जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं किंवा प्रसिद्ध गाव असेलच असं नाही, तसंच हे.

माउंट मेरी, म्हणजे आमच्या कोळी बांधवांची मोत माउली, ही बॅसिलिका आहे. तो पोपने दिलेला सन्मान, १९५४ साली मिळालेला. बॉम जीझसला तो १९४६ मध्ये मिळाला. तिथली गर्दी संत फ्रान्सिस झेवियरांच्या देहासाठी असते. गोव्याचे आर्चबिशप (मोठ्या धर्मप्रांताचे बिशप) राहतात पणजीला आल्तिन्योवर, पण त्यांचं आसन जुन्या गोव्यात से कॅथेड्रलमध्येच. पोर्तुगीजांनी गोवा जिंकलं ते २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरिनच्या सणाला, म्हणून ते चर्च तिच्या नावाचं. त्याचा एक मनोरा १७७६ साली कोसळला, तो पुन्हा बांधला नाही. दर्शनी बाजू एकीकडे बोडकी दिसते ती त्यामुळे.

आमचं वसईचं कॅथेड्रल पापडीला, अवर लेडी ऑफ ग्रेस. वसई आधी मुंबईच्या आर्चबिशपांकडे होती. १९९८ मध्ये वेगळा धर्मप्रांत झाला, पहिले बिशप थॉमस डाबरे आले आणि पापडीचं चर्च कॅथेड्रल झालं. मिस्सा (आमची मुख्य उपासना) मराठीत होते, प्रवचनही मराठीत. या बाजूला आलात तर अवश्य या.

सुनंदा_नगरची

मंजिरी, पापडीकरांनी पाया नीट घातला आहे. तुझ्या 'मुख्य कोणतं' या प्रश्नाबद्दल मी सांगते. ती दोन्ही एका घरची नाहीत, त्यामुळे त्यांच्यात मुख्य-दुय्यम नाही. होली नेम रोमन कॅथलिकांच्या मुंबईच्या आर्चबिशपचं. सेंट थॉमस हे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या (अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या एकत्रित चर्चच्या) बिशपचं, म्हणजे मुळात अँग्लिकनांचं, इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं. दिल्लीतही अशीच जोडी आहे, सेक्रेड हार्ट कॅथलिकांचं आणि कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. तिथली गंमत म्हणजे दोन्हींचा वास्तुविशारद एकच, हेन्री मेड.

सेंट थॉमसची हकिगत मला फार जवळची वाटते. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरच्या काळात, १६७६ साली, पाया घातला. भिंती काही फूट उठल्या आणि काम चाळीसेक वर्षं तसंच पडून राहिलं. रिचर्ड कॉब नावाच्या धर्मगुरूने ते पुन्हा हाती घेतलं आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे वाट यायची तो चर्चगेट. चर्चगेट स्टेशनाचं नाव तिथून आलं. जुन्या मुंबईचे मैलाचे दगडही इथूनच अंतर मोजून बसवले होते.

पण १७१८ मध्ये ते कॅथेड्रल नव्हतं. मुंबईला बिशपच नव्हता. १८१४ मध्ये कलकत्त्याला पहिला अँग्लिकन बिशप नेमला आणि अख्खा हिंदुस्थान त्या एकाच्या हाताखाली दिला. मद्रासला बिशप मिळाला १८३५ मध्ये, मुंबईला १८३७ मध्ये. थॉमस कार मुंबईचे पहिले बिशप झाले आणि त्या दिवसापासून सेंट थॉमस कॅथेड्रल झालं. एकशे एकोणीस वर्षं ते साधं चर्च होतं.

आता मनातलं लिहिते. मी नगरची. आजोबा पाळक (आमच्याकडचे धर्मगुरू) होते, नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत सायकलवरून फिरून उपासना घ्यायचे. आम्ही अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले. हे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये नगरला. रेव्हरंड टिळकांनी याच मिशनबरोबर काम केलं आणि त्यांची भजनं आम्ही आजही गातो. या परंपरेत बिशप नाही. मंडळी, म्हणजे एका चर्चचे सगळे सभासद, आपला कारभार आपण पाहते, पाळकावर दुसरा साहेब नाही. त्यामुळे नगरला केवढं तरी ह्यूम मेमोरियल चर्च उभं राहिलं, पण बांधलं तेव्हा ते कॅथेड्रल असणं शक्यच नव्हतं. ज्या घरात बिशप नाही तिथे त्याची खुर्ची कुठून येणार? भारतातल्या कॅथेड्रलांच्या यादीत कित्येक जुन्या, मोठ्या, मराठी मंडळ्या दिसत नाहीत त्याचं कारण हे. यादी पाहून कुणाला वाटेल, महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्म फक्त पुणे कँप आणि फोर्टात होता. तसं अजिबात नाही.

मग २९ नोव्हेंबर १९७० आला. नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात अँग्लिकन, आमचे काँग्रिगेशनल (मंडळीनेच कारभार पाहणारे), प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट आणि आणखी काही मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अमेरिकन मेथडिस्ट शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले. आजोबांना बिशप ही कल्पना पटत नव्हती. त्यांचं म्हणणं असं की येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या सेवकाला उंच आसन कशाला? तरी ते एकीकरणाच्या बाजूने उभे राहिले. एकाच गावात इंग्रजांच्या चर्चला जाणारे वेगळे आणि महारवाड्यातून आलेले वेगळे, प्रभुभोजनही (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) वेगळं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. ते संपावं यासाठी त्यांनी खुर्ची मान्य केली.

म्हणून कुणी सेंट थॉमसला 'इंग्रजांचं चर्च' म्हटलं की मला राहवत नाही. भिंतींवर गव्हर्नर आणि आरमारी कप्तानांची संगमरवरी स्मारकं आहेत हे खरं. पण आज तिथला बिशप भारतीय आहे, मंडळी भारतीय आहे, आणि नगरच्या खेड्यातल्या पाळकाच्या नातीचा तिथल्या वेदीवर पूर्ण हक्क आहे. पुढच्या वेळी बाहेरून जाऊ नकोस, आत ये. शक्यतो रविवारी उपासनेला ये आणि मागच्या बाकावर बस. स्मारकं नंतर निवांत पाहता येतील.

कल्याण_पश्चिम

आई-वडील केरळचे, मी जन्मापासून कल्याणचा, म्हणून थोडी भर घालतो. कॅथलिकांतही एकच रांग नाही. आम्ही सिरो-मलबार. पोपला मानतो, पण उपासनेची पद्धत पूर्वेकडची आणि बिशप वेगळे. नोकरीसाठी मुंबई-ठाण्यात आलेल्या मल्याळी कुटुंबांसाठी १९८८ मध्ये कल्याणचा धर्मप्रांत स्थापन झाला. त्याचं कॅथेड्रल कल्याणलाच, तेही संत थॉमसच्या नावाचं. रोमन आणि आम्ही सोडून सिरो-मलंकारा ही आमच्यासारखीच तिसरी शाखा, त्यांचा धर्मप्रांत पुणे-खडकीचा. मलंकारा ऑर्थोडॉक्स पोपला मानत नाहीत, त्यांचे बिशप निराळे, मुख्यालय कोट्टायमजवळ देवलोकमला. सुनंदाताई, तुमच्या आजोबांचं म्हणणं वाचून थांबलो. आमच्याकडे बिशपशिवाय चर्चची कल्पनाच करता येत नाही, त्यामुळे ही बाजू कधी ऐकलीच नव्हती.

मंजिरी_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. आता यादी उघडली की प्रत्येक नावापुढे 'कोणाचा बिशप, केव्हापासून' हे शोधावंसं वाटतंय. दिवाळीनंतर हैदराबादला जाणार आहोत. तिथे किंवा जवळपास काय पाहावं? सुनंदाताई, सांगाल?

सुनंदा_नगरची

मेदक. दुसरा विचारच करू नकोस. हैदराबादपासून साधारण शंभर किलोमीटर, सकाळी निघालं की संध्याकाळी परत येता येतं.

चार्ल्स वॉकर पॉसनेट हे वेस्लियन मेथडिस्ट (इंग्लंडमधला एक प्रोटेस्टंट पंथ) मिशनरी तिथे होते. १९१४ मध्ये बांधकाम सुरू झालं. दुष्काळाचे दिवस होते. फुकट धान्य वाटण्यापेक्षा काम देऊन धान्य द्यायचं असं त्यांनी ठरवलं आणि आसपासच्या गावांतले हजारो हात त्या बांधकामावर जगले. आपल्याकडच्या रोजगार हमीच्या कामांवर ज्यांचे आई-बाप राबले, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. २५ डिसेंबर १९२४ ला चर्चचं समर्पण झालं. घंटेचा मनोरा सुमारे पावणेदोनशे फूट. आत रंगीत काचांच्या तीन मोठ्या खिडक्या आहेत, येशूचा जन्म, क्रूस आणि स्वर्गारोहण. बाहेर उजेड असेल तरच त्या उमलतात, म्हणून दुपार टळायच्या आत पोच.

आणि तुझ्या मूळ प्रश्नासाठी याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. १९२४ मध्ये एवढी भव्य वास्तू उभी राहिली, तरी ती कॅथेड्रल नव्हती, कारण त्या मेथडिस्टांत बिशप नव्हते. २७ सप्टेंबर १९४७ ला मद्रासच्या सेंट जॉर्जेस कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना झाली. आमच्याकडे नागपुरात जे घडलं ते दक्षिणेत तेवीस वर्षं आधीच झालं होतं. मेदकला धर्मप्रांत मिळाला, बिशप आला, आणि त्याच दगडी इमारतीला लोक कॅथेड्रल म्हणू लागले.

वेळ उरला तर आणखी एक नाव लिहून ठेव, दोर्नकल. वारंगळच्या पलीकडे, त्यामुळे एका दिवसात दोन्ही होणार नाहीत. व्ही. एस. अझरय्या १९१२ मध्ये तिथले बिशप झाले, अँग्लिकन चर्चमधले पहिले भारतीय बिशप. त्यांना इंग्लंडची नक्कल नको होती. त्यांनी बांधून घेतलेल्या कॅथेड्रलमध्ये देवळाच्या मंडपासारखे खांब आहेत आणि मशिदीसारखे घुमट आहेत. ते १९३९ मध्ये पुरं झालं. मेदक पाहून झाल्यावर दोर्नकलचे फोटो तरी इंटरनेटवर शोधून बघ आणि दोन्हींबद्दल इथेच लिही. मला वाचायचं आहे.