अनुभव धागा : फोटोतलं अंग आणि आपलं अंग

कोल्हापुरात महाद्वार रोडवर एका साडीच्या दुकानावर दसऱ्याआधी नवा फलक लागला. मॉडेल चांगली भरल्या अंगाची, बघून बरं वाटलं. जवळ गेल्यावर दिसलं, जरीच्या काठाची रेघ कमरेपाशी आत वळलीय आणि मागच्या खांबाची कडही नेमकी तिथंच वाकलीय. जाड मॉडेल घेतली आणि फोटोत तिचीही कंबर कापली! माझी बारावीतली मुलगी म्हणाली, "आई, जाड असायचं तर असं पाहिजे." ते ऐकून पोटात कालवलं. तुमचे अनुभव लिहा. वजनाचा आकडा सांगायची गरज नाही, आणि डाएटचे सल्ले कृपया नकोत.

राजारामपुरीकर
स्टुडिओत एडिटिंग करते. ते लिक्विफायचं काम, म्हणजे फोटोतला भाग हवा तसा सरकवायचं टूल. ब्रशनं ढकललं की कंबर आत जाते, पण शेजारच्या सरळ रेघाही सोबत जातात. प्री-वेडिंगला "जरा बारीक करा" हे ठरलेलंच. प्लस साइझच्या, म्हणजे मोठ्या मापाच्या मॉडेलच्या फोटोत हनुवटीखालची घडी, दंड आणि पोट काढायला सांगतात, बाकी तसंच ठेवायचं. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीत मॉडेलचं अंग बारीक किंवा जाड केलं असेल तर तसं फोटोवर छापावं लागतं, नाहीतर ३७,५०० युरो दंड. नॉर्वेनंही २०२२ मध्ये असाच नियम आणला. आपल्याकडंही हवा, असं मला मनापासून वाटतं.

उपनगरातली
स्थळांसाठी काढलेल्या फोटोत स्टुडिओवाल्यानं न विचारताच मला बारीक केलं. पोह्यांच्या कार्यक्रमात मुलाच्या मावशींनी मोबाईल बघितला, मला बघितलं आणि आईला विचारलं, "फोटो जुना आहे का ओ?" फोटो त्याच महिन्यातला होता. आईचा चेहरा मी विसरणार नाही.

लाल माती
गंगावेशीकडं तालमीत होतो. तेव्हा बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाच्या हिशोबानं मी लठ्ठ. अंगात ताकद, दम भरपूर, तरी विम्याच्या तपासणीत तसा शेरा पडला. आता कुस्ती सुटून बरीच वर्षं झाली, पोट सुटलंय, साखर वाढलीय. आणि आता लोक म्हणतात, "पैलवान, तब्येत एक नंबर!"

पांढरा कोट
मी परिचारिका आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. त्यात स्नायू किती, चरबी किती, हे कळत नाही, पैलवानदादांचं तेच झालं. जगभर २५ च्या पुढं जादा वजन आणि ३० च्या पुढं लठ्ठपणा धरतात. आपल्याकडं २३ आणि २५, कारण आपल्या लोकांत कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणून टेप घ्या : कंबर बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषांची ९० च्या आत असावी. दिसायला काडी असलेल्या बाईचीही साखर वाढलेली आम्ही बघतो. राजारामपुरीकर म्हणतात ते पोट, जे फोटोतून पहिलं पुसलं जातं, तिथंच आम्ही टेप लावतो. जाड मॉडेल दिसली म्हणजे आजाराला प्रोत्साहन, असं काहीजण म्हणतात, मला तसं अजिबात वाटत नाही. उलट "काट्यावर उभं करतील, बोलतील" या धास्तीनं बायका तपासणीलाच येत नाहीत. त्याचं नुकसान जास्त आहे.

थ्री एक्सएल
इचलकरंजीच्या एका कुर्तीवाल्यांसाठी मी प्लस साइझचे फोटो देते. माझं माप एक्सएल. थ्री एक्सएलची कुर्ती मला घालतात आणि मागून पाठीवर चिमट्यांची रांग लावतात. समोरून झकास बसते! ज्या ताईला खरंच थ्री एक्सएल लागते ती फोटो बघून मागवते, मग दंडात अडकली म्हणून परत पाठवते, आणि स्वतःच्या दंडालाच दोष देते. परवा मी मालकांना सांगितलं, त्या मापाचीच बाई घ्या. त्यांनी माझ्या त्या मापाच्या मावसबहिणीचा नंबर मागून घेतलाय. पुढच्या शूटला ती येणार, चिमटे मात्र लावू देणार नाही म्हणाली.