मदत हवी आहे: प्राचीन दागिन्यांच्या इतिहासातून इंग्रजीचा भविष्यकाळ कसा शिकवू?

नमस्कार मंडळी,

बार्शीत आमच्या गल्लीतल्या आठवी-नववीच्या मुलींना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. क्लास म्हणावा असं काही नाही, फी नाही, फळाही उसना आणलेला. काहींच्या आया घरी दागिने गाठवायचं काम करतात. त्यामुळे सर, पदर, फिरकी, मण्याचं भोक कसं असावं, हे मुलींना माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून पुस्तकातले रटाळ उतारे बाजूला ठेवले आणि प्राचीन दागिन्यांचा इतिहास हाच विषय धरून सगळं व्याकरण करायचं ठरवलं.

भूतकाळ मजेत झाला. चाळीसगावजवळ पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडलेत, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. 'पीपल मेड बीड्स फ्रॉम ऑस्ट्रिच एगशेल' हे वाक्य कुणाकडून घोकून घ्यावं लागलं नाही. आपल्या जळगाव जिल्ह्यात शहामृग कसे काय, यावर मात्र बराच वेळ जुंपली होती. मग बल्गेरियातल्या वर्नाचं सोनं घेतलं. १९७२ साली खोदकाम करताना योगायोगाने हाती लागलेलं ते दफनस्थान सहा हजार वर्षांहून जुनं आहे. फाउंड, डग, बरीड, वोअर, सगळी अनियमित क्रियापदं त्यात आपोआप आली.

घोडं अडलंय भविष्यकाळाशी. जे घडून गेलं त्यात 'विल' बसवायचं कुठे? 'आय विल वेअर अ नेकलेस टुमॉरो' असली वाक्यं करून पाहिली, पण त्यात ना इतिहास ना मजा. शिवाय मुली सरसकट सगळीकडे 'विल' लावतात. 'गोइंग टू' कधी, विचारलं की माझ्याकडे बघत बसतात. आणि 'व्हेन वुई विल गो' हे तर काही केल्या सुटत नाही.

येत्या रविवारी त्यांना धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावच्या जुन्या वस्तूंच्या संग्रहालयात न्यायचं ठरलंय. त्याआधी हा भाग मार्गी लागला तर बरं. कुणी असं काही शिकवलंय का? उदाहरणं खरी हवीत, ओढूनताणून नकोत.

वज्रटीक

---

खडूफळा:

ताई, आधी 'विल' आणि 'गोइंग टू'चं बघू. घोळ आपल्या 'णार'मुळे होतो. 'पाऊस पडणार', 'मी येणार', 'तो मणी फुटणार', आपलं सगळं एका 'णार'वर भागतं. इंग्रजीत बघायचं की आत्ता डोळ्यांसमोर काही पुरावा आहे का, किंवा बेत आधीच ठरलाय का. असेल तर 'गोइंग टू'. बोलता बोलता त्या क्षणी ठरवलं, शब्द दिला, किंवा नुसता अंदाज केला, तर 'विल'.

दुसरी खोड उलट दिशेची. आपण म्हणतो, 'थांब, मी दुसरा मणी देते.' म्हणून मुली म्हणतात 'आय गिव्ह यू अनदर बीड'. तिथे 'आय'ल गिव्ह' हवं. ही चूक शिक्षकांच्याही लक्षात येत नाही, कारण मराठी कानाला ती खटकतच नाही.

'व्हेन'चं म्हणाल तर आपण 'पोहोचू तेव्हा बघू' म्हणतो, दोन्हीकडे भविष्यकाळ. इंग्रजीला एकदाच चालतो: 'व्हेन वुई रीच तेर, वुई विल सी द बीड्स.' 'इफ', 'बिफोर', 'आफ्टर', 'अंटिल' यांनाही हेच लागू. फळ्यावर चुकीचं वाक्य वर आणि बरोबर वाक्य खाली लिहा आणि वरच्या वाक्यातला 'व्हेन'नंतरचा 'विल' त्यांच्याच हाताने पुसायला लावा.

'शॅल'च्या नादी लागू नका. 'शॅल आय ओपन द बॉक्स?' एवढं आलं तरी पुष्कळ.

---

लाल अकीक:

मी पुरातत्त्व शिकले आहे आणि मणी हा माझा आवडता विषय, त्यामुळे लांबण लागेल.

गुजरातमधल्या खंबातला आजही अकीक नावाच्या कठीण दगडाचे मणी बनतात. लोखंडाची एक टोकदार पहार जमिनीत तिरपी रोवलेली असते. कारागीर दगडाची कड तिच्या टोकाला लावून धरतो आणि दुसऱ्या बाजूने म्हशीच्या शिंगाच्या डोक्याची हलकी हातोडी मारतो. कपची उडते ती पहारेच्या बाजूची. असं फिरवत फिरवत मण्याचा आकार निघतो. दगड मुळात पिवळट-मातकट असतो. भाजला की त्यातलं लोह रंग बदलतं आणि तो लाल होतो. तोच कार्नेलियन.

आता यात तुमचं व्याकरण बघा. कारागिराला बोलतं करा. 'फर्स्ट आय'ल हीट द स्टोन. इट विल टर्न रेड.' हा अंदाज आणि क्रम. मग दगडात बारीक रेघ दिसते: 'लुक, देअर्स अ क्रॅक. इट्स गोइंग टू ब्रेक!' हा डोळ्यांसमोरचा पुरावा. तुटला. शेजारचा म्हणतो, 'डोन्ट वरी, आय'ल मेक अनदर वन.' हे त्या क्षणी ठरलेलं. चार वाक्यांत तिन्ही प्रकार. मुली मणी हाताळणाऱ्या घरातल्या आहेत, तडा गेलेला मणी काय असतो ते त्यांना सांगावं लागणार नाही.

हाच कारागीर साडेचार हजार वर्षं मागे न्या, सिंधमधल्या चन्हुदडो या हडप्पाकालीन गावाला. तिथे १९३५-३६ च्या उत्खननात मण्यांचे कारखानेच सापडले. हडप्पाकालीन लांबट मणी बोटभर, काही त्याहून लांब. त्यांना आरपार भोक पाडायचं, तेही दोन्ही टोकांकडून, मधोमध नेमकं जुळेल असं. आजच्या संशोधकांनी तसल्याच कठीण दगडाचं गिरमिट वापरून पाहिलं, तर तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर भोक पडलं. मुलींना हिशेब घाला: मणी सहा सेंटिमीटरचा असेल तर 'हाउ लाँग विल इट टेक?' चोवीस तास नुसतं गिरमिट फिरवणं, तेही मध्ये मणी फुटला नाही तर.

हे मणी पुढे कुठे गेले? इराकमधल्या उर या शहरात. लेनर्ड वुली याने १९२२ ते १९३४ तिथे उत्खनन केलं. राजघराण्याच्या कबरींमध्ये पुआबी नावाच्या राणीचा सोन्याच्या पानांचा शिरपेच मिळाला, त्यात अफगाणिस्तानातला लाजवर्द हा निळा दगड आणि लाल कार्नेलियन. त्या कबरींमधले काही लांब मणी थेट सिंधू खोऱ्याच्या घडणीचे. म्हणजे चन्हुदडोच्या कारागिराच्या तोंडी 'दीज बीड्स विल ट्रॅव्हल टू उर. समवन रिच विल वेअर देम' हे वाक्य अगदी रास्त आहे. आपल्याला जो इतिहास, तो त्याचा उद्या होता. तुमचं अडलेलं घोडं इथून पुढे सरकेल असं वाटतं.

---

सरळ_बोलतो:

मला हे काही पटत नाही. एक तर इंग्रजी शिकवा नाहीतर इतिहास. परीक्षेत 'फिल इन द ब्लँक्स' येतात, तिथे चन्हुदडो कुणी विचारत नाही. मुलींना उर, पुआबी, लाजवर्द लक्षात ठेवायचं ओझं आणि वर काळाचे नियम. मी रोज पन्नास रिकाम्या जागा सोडवून घेतो, मुलं पास होतात.

---

लाल अकीक:

पास होतात हे खरं. नंतर बोलतात का?

---

खडूफळा:

भांडू नका. रिकाम्या जागा हव्यातच, फक्त त्या मण्यांच्या वाक्यांतल्या घालाव्यात. नावांच्या बाबतीत मात्र मी सरळ_बोलतो यांच्या बाजूने. एका तासाला एकच गाव, एकच दागिना. त्याहून जास्त आलं की मुली नकाशात हरवतात.

---

दोन_पदरी:

'इफ'साठी इजिप्त घ्या, दुसरीकडे शोधूच नका. तिथे ममीच्या छातीवर दगडी भुंग्याच्या आकाराचा ताईत ठेवत. त्याच्या पोटाकडच्या बाजूला मंत्र कोरलेला असे. मेलेला माणूस त्यात स्वतःच्याच हृदयाला विनवतो, की न्यायाच्या वेळी माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. त्यांच्या समजुतीप्रमाणे मृतांचा देव ओसिरिस याच्यासमोर तराजूत एका पारड्यात हृदय आणि दुसऱ्यात मात देवीचं पीस ठेवून वजन होणार. 'इफ हिज हार्ट इज हेवी, अमित विल ईट इट.' अमित म्हणजे मगरीच्या तोंडाची राक्षसीण, सिंहाचं पुढचं अंग आणि पाणघोड्याचं मागचं. वर्गात अमित नावाचा मुलगा नसला म्हणजे झालं.

हा दागिना घडवलाच मुळी पुढे काय होईल या धास्तीने. त्यात भविष्यकाळ घुसडावा लागत नाही.

आणि नववीच्या मुलींना थोडं अवघड चालणार असेल तर मोहेंजोदडोचा हार. हिरवट जेडचे मणी, मध्ये सोन्याच्या चकत्या, खाली लोंबते खडे. १९४७ साली फाळणीत संग्रहालयांच्या वस्तूंची वाटणी झाली तेव्हा हा हारही उसवून निम्मा-निम्मा केला. आपला वाटा दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, दुसरा पाकिस्तानात. कार्नेलियनच्या एका कंबरपट्ट्याचीही तीच गत. आता हे वाक्य बघा: 'बाय २०४७, द टू हाफ्स विल हॅव बीन अपार्ट फॉर अ हंड्रेड इयर्स.' हे 'विल हॅव बीन' मी आजवर ज्या ज्या पुस्तकात पाहिलं तिथे रंगवून झालेली घरं आणि संपलेला गृहपाठ यापलीकडे उदाहरण नव्हतं. हार कसा तोडला हे एकदा सांगितलं की मुलीच विचारतील, 'विल दे एव्हर जॉइन इट अगेन?' ज्यांच्या घरी गाठवायचं काम चालतं त्यांना हा प्रश्न पडणारच.

---

खडूफळा:

हे फार छान. पण नववीलाच द्या, आठवीला नको. आठवीच्या मुलींना आधी 'व्हेन'मधला 'विल' पुसू दे.

---

वज्रटीक:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कारागीर आणि तडा गेलेला मणी करून घेतलं. 'इट्स गोइंग टू ब्रेक' म्हणताना एकीने आईच्या पेटीतला खरा चिरलेला मणी आणून सगळ्यांना दाखवला आणि तो हातोहात फिरताना खरोखरच दोन तुकडे झाला. त्यावर तिच्याच तोंडून निघालं, 'माय मदर विल किल मी.' हे विधान अंदाज या प्रकारात मोडतं की पुराव्याच्या, यावर वर्गात अजून एकमत नाही.

सरळ_बोलतो, तुमचंही ऐकलंय. मण्यांच्या वाक्यांच्या रिकाम्या जागा काढल्या आहेत आणि उर-पुआबी एकदम न घेता पुढच्या आठवड्यावर ढकललं. दोन_पदरी, हाराचं नववीला सांगणार आहे. आठवीला इजिप्तचा ताईत.

तेरसाठी मी वहीत तीन रकाने करायला सांगितलेत. पहिल्यात जायच्या आधी घरूनच लिहायचं: 'वुई आर गोइंग टू सी...' आणि त्यापुढे काय बघायचा बेत आहे ते. दुसऱ्यात गाडीत बसून अंदाज: 'आय थिंक देअर विल बी...' तिसरा रिकामा, तो संग्रहालयात भूतकाळात भरायचा, म्हणजे अंदाज बरोबर आला की चुकला ते कळेल. एसटीचं वेळापत्रक फलकावरून उतरवून घेतलंय, 'द बस लीव्ज ॲट सेव्हन' यासाठी. वेळापत्रकाला साधा वर्तमानकाळ चालतो हे सांगितल्यावर एकीने विचारलं, आपल्या एसटीलाही? यावर काय बोलणार.

आता शेवटची मदत. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि आसपास हिंडून जमवलेल्या वस्तूंवर ते संग्रहालय उभं राहिलं, एवढं मुलींना सांगून ठेवलंय. मणी आणि शंखाच्या बांगड्या जवळून बघायच्या आहेत. तिथे अलीकडे कुणी गेलं असेल तर सांगा: कपाटांतल्या वस्तूंवर चिठ्ठ्या मराठीत आहेत की इंग्रजीत, आणि मुलींना जमिनीवर बसून वही लिहू देतात का? लाल अकीक, मण्यांमध्ये नेमकं काय बघायला सांगू? भोक दोन्हीकडून पाडलंय की एकाच बाजूने, हे काचेबाहेरून ओळखता येतं का?

---

लाल अकीक:

मणी आडवा ठेवलेला असेल तर नाही. पण अर्धा फुटलेला मणी मिळतोय का बघा, भोकाची आतली बाजू त्यातच दिसते. दोन्हीकडून पाडलेलं असेल तर मध्यावर जोडाची बारीक पायरी दिसेल. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा, आधी तिथल्या माणसाला विचारून. आणि मुलींना हे वाक्य देऊन ठेवा: 'इफ वुई फाइंड अ ब्रोकन बीड, वुई विल सी द होल.'