एक पेज पुन्हा जोडलं आणि आठ सुटली: शेड्युलिंग टूल आणि लॉगिनचे बदल

परळ_पब्लिसिटी
दादर-परळमधल्या नऊ दुकानांची इन्स्टा आणि फेसबुक पेजेस चालवतो. पोस्ट ठरलेल्या वेळी आपोआप टाकणाऱ्या दोन टूलमधून जातात. एकात जोडताना प्लॅटफॉर्मचं स्वतःचं लॉगिन पान उघडतं. दुसरं स्वस्तातलं, ते थेट युजरनेम-पासवर्ड मागतं. पहिल्यात काही खाती दोन-दोन महिन्यांनी सुटतात, काही वर्षभर हलत नाहीत. काल एक पेज पुन्हा जोडलं तर बाकीची आठ बंद! दुसऱ्यात दर आठवड्याला 'संशयास्पद लॉगिन'. लॉगिनची पद्धत बदलली की टूलवाले नेमकं काय बदलतात, आणि आपल्या हातात काय असतं? गणपती तोंडावर आलेत, तात्पुरता जुगाड नको.

टोकन_मास्तर
आधी आठ पेजेसचं. पुन्हा जोडताना फेसबुक कोणती पेजेस द्यायची ते विचारतं. तिथली टिक म्हणजे 'हेही वाढवा' नव्हे, 'एवढीच ठेवा'. एकाच प्रोफाइलवरून नऊ जोडलेली असताना एकावरच टिक केली की उरलेल्या आठांची परवानगी तिथल्या तिथे जाते. दर वेळी नऊच्या नऊ टिका करूनच पुढे जा. नंतर खात्री करायची तर फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये 'बिझनेस इंटिग्रेशन्स' उघडा आणि त्या टूलला काय काय दिलंय ते बघा.

आता टिकण्याचं. तुमच्या पहिल्या टूलसारख्यांकडे तुमचा पासवर्ड नसतोच, टोकन असतं, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल परवानगी-चिठ्ठी. फेसबुक लॉगिननंतर हातात येणारं टोकन तास-दोन तासांचं. टूलचा सर्व्हर ते लगेच साधारण ६० दिवसांच्या टोकनात बदलून घेतो आणि त्यावरून पेजचं टोकन काढतो. या पेज-टोकनला मुदत नसते, म्हणून ती खाती वर्षभर चालतात. इन्स्टाग्राम लॉगिनने थेट जोडलेल्या खात्याचं टोकन मात्र ६० दिवसांचंच. ते २४ तास जुनं झालं की कधीही वाढवून घेता येतं, पुन्हा ६० दिवस मिळतात. मुदत उलटल्यावर वाढवता येत नाही, माणसालाच लॉगिन करावं लागतं. तुमची खाती नेमकी दोन महिन्यांनी सुटतात याचा अर्थ टूलचं हे वाढवण्याचं काम कुठेतरी बंद पडलंय. सपोर्टला मोघम तक्रार करू नका, 'टोकन कितव्या दिवशी रिफ्रेश करता' एवढंच विचारा. ४५-५० व्या दिवसापर्यंत थांबणारे अडचणीत येतात, कारण तेव्हा प्रयत्न फसत राहिले तर सावरायला थोडेच दिवस उरतात.

लॉगिन बदलतं तेव्हाची गंमत वेगळी. इन्स्टाग्रामने जुलै २०२४ मध्ये फेसबुक पेजशिवाय चालणारं लॉगिन आणलं, ४ डिसेंबर २०२४ ला जुना बेसिक डिस्प्ले एपीआय (बाहेरच्या अ‍ॅपना इन्स्टाचे फोटो-व्हिडिओ वाचू देणारं दार) बंद केला. नव्या लॉगिनवर गेलेल्या टूलवाल्यांना लॉगिनचा पत्ता, परवानग्यांची नावं, टोकन घेण्याचा सर्व्हर हे सगळं बदलावं लागलं आणि नव्या परवानग्यांसाठी मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाच्या मालक कंपनीच्या) अ‍ॅप रिव्ह्यूला, म्हणजे अ‍ॅपच्या तपासणीला, पुन्हा उभं राहावं लागलं. जुनी टोकनं नव्या दारात चालत नाहीत, त्यामुळे प्रत्येक ग्राहकाला एकदा 'पुन्हा कनेक्ट करा' येणारच. तो मेल आला की त्याच आठवड्यात उरका. आणि बेसिक डिस्प्लेवर साधी वैयक्तिक खाती चालायची, आता खातं बिझनेस किंवा क्रिएटर लागतं.

गिरणगाव_कोडर
दुसऱ्या टूलबद्दल स्पष्टच सांगतो, बंद करा. ते तुमच्या नावाने ब्राउझर उघडून लॉगिन करतं आणि कुकी (लॉगिन झाल्याची ब्राउझरमधली खूण) साठवून ठेवतं. लॉगिनच्या पानावरचं एक बटण सरकलं तरी त्याची स्क्रिप्ट अडते. त्यात सर्व्हर फ्रँकफर्टला आणि मालकाचा फोन रानडे रोडवर, दोन्हीकडून एकाच वेळी खातं चालू. प्लॅटफॉर्म शंका घेणार नाही तर काय? कुकी डोमेनलाही (वेबसाइटच्या पत्त्याला) बांधलेली असते. मे २०२४ मध्ये ट्विटरचा पत्ता एक्स डॉट कॉम झाला तेव्हा जुन्या डोमेनच्या साठवलेल्या कुकी तिथे निरुपयोगी. पासकीचंही (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने करायच्या लॉगिनचंही) तसंच, ती खऱ्या डोमेनशिवाय सहीच करत नाही, म्हणून पासवर्ड मागणाऱ्या टूलला तिथे वाटच नाही.

काही टूल ऑथेंटिकेटरची (लॉगिनचा कोड दाखवणाऱ्या अ‍ॅपची) गुप्त की मागतात, क्यूआर कोडखाली अक्षरांत असते ती. दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड तिच्यातूनच निघतो. ती दिली म्हणजे कुलूप आणि किल्ली दोन्ही परक्याकडे. दिली असेल तर पासवर्ड बदला, टू-फॅक्टर (पासवर्डनंतरचा हा दुसरा कोड) काढून नव्याने लावा आणि सगळी जुनी सेशन्स लॉगआउट करा.

परळ_पब्लिसिटी
आठ पेजेस परत आली, आभार. पहिल्या टूलच्या लॉगमध्ये 'एरर १९०' बऱ्याचदा दिसतो. प्रत्येक वेळी मालकाला फोन करायचा का?

टोकन_मास्तर
१९० म्हणजे फक्त टोकन चालेनासं झालं. कारण सबकोडमध्ये, म्हणजे एररसोबतच्या दुसऱ्या आकड्यात असतं. ४६३: मुदत संपली. ४६०: पासवर्ड बदलला. ४५८: मालकाने अ‍ॅप काढून टाकलं. ४५९: फेसबुकने खातं अडवलंय, मालकाने आधी स्वतःच्या फोनवरून फेसबुकमध्ये शिरून पडताळणी पूर्ण करायची, त्याआधी पुन्हा जोडून उपयोग नाही. फोन खरा लागतो तो ४५८ आणि ४५९ ला. ४६० मध्ये ज्याच्या प्रोफाइलवरून जोडलंय त्याने पुन्हा लॉगिन केलं की झालं, म्हणून मालकाच्या प्रोफाइलवरून जोडूच नका. पेजवर तुमच्या प्रोफाइलला हक्क मागून घ्या, म्हणजे त्यांनी घरी पासवर्ड बदलला तरी तुमची पोस्ट अडत नाही.

स्वतःच्या सर्व्हरवर एन८एन (कामं आपोआप करून घेणारं सॉफ्टवेअर) वगैरे चालवणार असाल तर मेटाच्या बिझनेस पोर्टफोलिओत (धंद्याची पेजेस-खाती एकत्र सांभाळायची जागा) सिस्टम युजर, म्हणजे माणसाचं नव्हे तर सॉफ्टवेअरसाठीचं खातं, तयार करा. त्याचं टोकन बिनमुदतीचं काढता येतं आणि कुणाच्याही पासवर्डला बांधलेलं नसतं.

माहीम_डिजिटल
यूट्यूबही जोडणार असाल तर: गूगलच्या कन्सोलमध्ये (डेव्हलपरांच्या सेटिंग्जच्या पानावर) स्वतःचं अ‍ॅप 'टेस्टिंग' अवस्थेत राहिलं की रिफ्रेश टोकन (पुन्हा लॉगिन न करता नवं टोकन आणून देणारं) ७ दिवसांत मरतं. लोक कोड तपासत बसतात, खरं तर अ‍ॅप 'इन प्रॉडक्शन' करायचं राहिलेलं असतं. एक्सवर अ‍ॅक्सेस टोकन (प्रत्यक्ष पोस्ट करायला लागणारं) २ तासांचं, आणि ऑफलाइन अ‍ॅक्सेसची परवानगी मागितली नाही तर रिफ्रेश टोकन मिळतच नाही. ते रिफ्रेश टोकन एकदाच वापरता येतं, त्यामुळे दोन वर्कफ्लो (आपोआप चालणारी कामं) एकाच क्षणी रिफ्रेश करायला गेले की एकाचं काम होतं, दुसऱ्याला नकार. रिफ्रेशचं काम एकाच ठिकाणी ठेवा, बाकीच्यांनी तिथून टोकन उचलायचं.