राल्फ कार: १९४२ नंतरचं आणि आधीचंही

दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबल्या जाणाऱ्या जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांची बाजू घेतली आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याचे गव्हर्नर राल्फ कार यांची कारकीर्द तिथेच संपली, असं म्हटलं जातं. पहिलं अगदी खरं. गुन्हा सिद्ध न करता नागरिकाला डांबणं घटनेविरुद्ध आहे, असं ते युद्धज्वराच्या ऐन भरात जाहीर सांगत होते. पण कारकीर्द संपली हे पटत नाही. १९४२ ची सिनेटची निवडणूक ते अगदी थोड्या मतांनी हरले, आणि १९५० मध्ये रिपब्लिकन पक्षानं त्यांना पुन्हा गव्हर्नरपदाची उमेदवारी दिली होती. मतदानाच्या आधीच, सप्टेंबरमध्ये ते वारले.

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की कार यांना १९४२ मध्ये हरवणाऱ्या एडविन जॉन्सन यांनी १९३६ मध्ये गव्हर्नर असताना मेक्सिकन मजुरांना रोखण्यासाठी राज्याच्या दक्षिण सीमेवर नॅशनल गार्ड (राज्याचं राखीव सैन्य) उभं केलं होतं. कार यांनी वकिली केली ती त्याच दक्षिण भागात, अँटोनिटोमध्ये. तिथल्या स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांशी ते त्यांच्याच भाषेत बोलत. त्यामुळे १९४२ ची त्यांची भूमिका मला एकाएकी सुचलेली वाटत नाही. डेन्व्हरच्या साकुरा स्क्वेअरमध्ये जपानी-अमेरिकन समाजानं त्यांचा अर्धपुतळा उभारलाय, तो त्यांनी पुरेपूर कमावलेला आहे.