कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या नोकरीच्या जागा जाहिरात न येताच भरतात, त्या कळतात कुठनं?

सांगली_फाटा

डिप्लोमा मेकॅनिकल केलंय, शिरोलीत एका मशीनशॉपला क्वालिटीत आहे पण कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर. इनप्रोसेस आणि फायनल दोन्ही इन्स्पेक्शन बघतो, बोअर गेज, हाइट गेज सगळं येतंय, सीएमएमवर (पार्टची मापं घ्यायचं कॉम्प्युटरवालं मशीन) लावलेला प्रोग्राम चालवतो, स्वतः करायला अजून कुणी शिकवलं नाही. पगार वाढायचं नाव नाही म्हणून बरेच महिने मोबाइलवर अप्लाय करायलोय, तर दिसतात त्या निम्म्या जागा चाकण नाहीतर रांजणगावच्या, आणि कोल्हापूरच्या असतात त्या कन्सल्टन्सीवाल्यांच्या, फोन केला की आधी रजिस्ट्रेशन फी भरा म्हणतात. परवा कळलं आमच्या मागच्याच रस्त्यावरच्या फाउंड्रीत (लोखंड ओतायचा कारखाना) इन्स्पेक्टर भरला, पर्मनंट. जाहिरात नाही, गेटवर बोर्डसुद्धा नाही. लागलेला पोरगा तिथल्या मेंटेनन्सवाल्याचा मेव्हणा. आता माझं कुणी कुठल्या फाउंड्रीत नाही, घरात सगळी शेतीतली, तर माझ्यासारख्यानं काय करायचं? पुण्याला जायचं नाही, आई एकटी असते. आणि सध्याच्या मालकाला कळून चालणार नाही, इथं सगळे एकमेकाला ओळखतात.

ओतीव_लोखंड

भावा, माणसं घ्यायचं काम माझ्याकडंच असतंय म्हणून सांगतो. ऑनलाइन जाहिरात टाकली की बायोडेटांचा ढीग पडतो, त्यात बीकॉमवाले पण असतात, आणि ते चाळायला लहान कारखान्यात वेगळा एचआर नसतो, जो पगारपत्रक करतो तोच एचआर. त्यात माणूस सोडून जातो तो सांगून जातो असं पण नाही, पगार झाला की दुसऱ्या दिवसापासनं फोन बंद. गाडी लोड व्हायची थांबलेली असते, रिपोर्टवर सही करायला कोण नाही, मग मी फोअरमनला म्हणतो कोण आहे का बघ रे. त्यानं नाव सांगितलं, पोरगा सकाळी आला, गेज हातात धरता येतं हे बघितलं की विषय संपला. मेव्हण्याचं नातं तिथं एवढंच कामाला आलं, की त्या दिवशी त्याचं नाव कुणाच्या तरी तोंडात होतं.

आता जागा निघणार हे बाहेरनं दिसतंय की. शेडचं स्ट्रक्चर उभं राहिलंय, क्रेननं व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीनिंगचं मशीन) उतरवायलेत, दसऱ्याला नाहीतर पाडव्याला नवी मशीन पुजली, म्हणजे आधी ऑपरेटर लागणार आणि त्यामागनं इन्स्पेक्टर. तुझ्यासाठी सगळ्यात भारी म्हणजे जी फाउंड्री आत्ता स्वतःचं मशीनिंग चालू करायलीय ती. आजपर्यंत कच्चं कास्टिंग विकायचे, त्यामुळं त्यांच्याकडं सँड लॅबला वाळूचं मॉइश्चर, पर्मिएबिलिटी (हवा किती आरपार जाते ते) बघणारा असतो, स्पेक्ट्रो मशीनवर धातूची केमिस्ट्री काढणारा असतो, पण बोअरची ओव्हॅलिटी, म्हणजे भोक किती अंडाकार झालंय ते काढणारा कुणी नसतो. आणि मशीन केल्यावर आतनं ब्लोहोल (ओतताना हवेनं राहिलेली पोकळी) उघडा पडला की फाउंड्रीवाले मशीनशॉपवर ढकलतात, मशीनशॉपवाले फाउंड्रीवर. दोन्हीकडचं कळणारा पोरगा मिळाला तर मालक जाहिरातीची वाट बघत नाही.

इन्सर्टवाला

वरच्या दादांचं बरोबर. मी कटिंग टूल विकतो, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित एमआयडीसी, दिवसभर गाडीवर. कुणाची ऑर्डर वाढली, कुणी नाइट शिफ्ट चालू केली, कुणाचा क्वालिटी मॅनेजर सोडायच्या बेतात आहे, हे मला आधी कळतं, कारण इन्सर्टचा (टूलच्या टोकाला बसणारं, झिजलं की बदलायचं पातं) खप वाढला की काम वाढलंय, एवढं साधं आहे. माझ्यासारखी बरीच माणसं तुमच्या गेटातनं रोज जा-ये करतात. गेज कॅलिब्रेशनला नेणारा येतो, कूलंटवाला येतो, सर्व्हिस इंजिनिअर येतो, टेम्पोवाले तर रोजच. तुम्ही त्यांना चलनावर सही देता आणि सोडून देता.

फक्त "कुठं जॉब असला तर सांगा" असं म्हणू नका हो, असं सगळेच म्हणतात आणि आमच्या डोक्यातनं ते चहा संपायच्या आत जातं. "कुणाकडं रिजेक्शनचा लय ताप चाललाय, कुणी नवीन इन्स्पेक्शन रूम करायलंय" असं विचारा, म्हणजे मला लगेच दोन नावं आठवतात.

शेवटची_केएमटी

म्हणजे फिरून फिरून वशिलाच की. फक्त मेव्हण्याच्या जागी टूलवाला.

राजारामपुरीकर

पूर्ण तसं नाही. विद्यापीठात समाजशास्त्राला होतो तेव्हा मार्क ग्रॅनोव्हेटरचं वाचलेलं, 1973 चा पेपर आहे. अमेरिकेत बोस्टनजवळ ओळखीतनं नोकरी लागलेल्यांना त्यानं विचारलं, ज्यानं सांगितलं तो माणूस किती वेळा भेटायचा. रोजच्या उठबशीतला म्हणणारे 16.7 टक्के, कधीमधी भेटणारा म्हणणारे 55.6, आणि क्वचितच भेटणारा म्हणणारे 27.8. कारण असं की जवळच्या दोस्ताला जे माहीत असतं ते आपल्याला आधीच माहीत असतं. लांबच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या गोतावळ्यातला असतो, त्याच्याकडं वेगळी बातमी असते. आता कोल्हापूर म्हणजे काय अमेरिका नाही, इथं मेव्हणा आहेच, पण साडू-मेव्हणे नसलेल्याला हा रस्ता उघडा आहे एवढं खरं.

ताळेबंद

माझी लाइन वेगळी आहे, अकाउंट्स, पण गोष्ट तीच. गांधीनगरच्या कापड दुकानांना अकाउंटंट लागला की ते पेपरात देत नाहीत, त्यांच्या सीएला विचारतात. म्हणून मी सीए ऑफिसात आर्टिकलशिप करणाऱ्या पोरींशी ओळख ठेवली, कुठल्या क्लायंटच्या वह्या रखडल्यात हे त्यांना पाठ असतं. टॅक्स ऑडिटची तारीख 30 सप्टेंबर, ऑगस्टमध्ये ज्याचं बँक रिकन्सिलिएशन झालेलं नसतं त्याला माणूस हवाच असतो, त्याला फक्त तसं कुणी म्हणायला लागतं. मी तसंच जाऊन म्हटलं, आधी ऑडिटपुरतं ठेवलं आणि मग राहा म्हणाले.

सांगली फाटा दादा, कन्सल्टन्सीवाल्यांना एक रुपया देऊ नका. नोकरी देणारा पैसे मागत नाही. आणि कुठंही गेलात तरी आधी विचारा कंपनीच्या रोलवर की कॉन्ट्रॅक्टरच्या, पीएफ कुणाच्या नावानं भरणार. सध्याचा कॉन्ट्रॅक्टर तरी भरतोय का ते पासबुकात बघा आधी!

फिटर_कळंबा

मध्येच विचारतो, भाऊ आत्ताच आयटीआय फिटर होऊन बाहेर पडलाय, त्याला अनुभवच नाही तर त्यानं कुणाला काय सांगायचं?

ओतीव_लोखंड

त्याला अप्रेंटिसला घाला. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला कायद्यानंच अप्रेंटिस घ्यायला लागतात, अडीच ते पंधरा टक्के. अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करायची, पण तिथं नाव टाकून गप बसायचं नाही, कागद घेऊन टाइम ऑफिसला जायचं. वर्षभरात पोरगा कसा आहे ते आम्ही बघतो, जागा झाली की आधी त्यालाच विचारतो.

आणि सांगली फाटा, मालकाला कळायचं विचारलंस. कळतंय, झाकून काय होत नाही, म्हणून कामात ढिला पडू नकोस, उद्या तुझी चौकशी तिथंच होणार. लेखी काय हातात आल्याशिवाय राजीनामा नाही. बायोडेटा व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर टाकूच नकोस, तो पहिला तुमच्याच सुपरवायझरला जातो. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनचा कोल्हापूर चॅप्टर आहे, त्यांचे टेक्निकल कार्यक्रम असतात. तिथं दिसलास तर कुणी म्हणणार नाही नोकरी शोधायलाय, शिकायला आलाय असंच म्हणणार.

सांगली_फाटा

आभारी आहे सगळ्यांचा. एक फाउंड्री डोक्यात आली, शेड नवीन झालीय, दोन व्हीएमसी आल्यात. आमचे कॅलिब्रेशनवाले तिथं पण जातात. पण थेट मालकाला मेसेज केला तर चालेल का, का आगाऊपणा वाटेल?

ओतीव_लोखंड

चालतंय की. पण आधी कॅलिब्रेशनवाल्याकडनं नाव काढ क्वालिटी कोण बघतंय त्याचं, मालकापेक्षा त्याला कर. लांबलचक नको, "साहेब, मी मशीनशॉपला फायनल इन्स्पेक्शन बघतो, अमुक अमुक पार्ट हाताळलेत, तुमचं मशीनिंग चालू झालंय असं ऐकलं, दहा मिनिटं येऊन भेटू का" बस. कंपनीचं नाव, कस्टमरचं ड्रॉइंग, फोटो काही पाठवायचं नाही, तसला पोरगा उद्या आमचं पण बाहेर देईल असं वाटतं. आणि सकाळी मॉर्निंग मीटिंगच्या वेळेला नको पाठवू, जेवणाच्या सुट्टीनंतर पाठव.

इन्सर्टवाला

ती शेड कुठली ते मला कळलं बहुतेक. पर्सनल मेसेज करा.