जुन्या फॅमिली गाडीत पायाशी गरम हवा येत नाही, काय करावं?

मीनल_विनिपेग

नमस्कार मंडळी. आम्ही कॅनडात, विनिपेगला राहतो. २०११ची सात आसनी पेट्रोल मिनीव्हॅन आहे, सव्वादोन लाख किलोमीटरच्या वर पळालेली. गेल्या हिवाळ्यापर्यंत हीटरबद्दल काही तक्रार नव्हती. यंदा काचेवर आणि तोंडावर बऱ्यापैकी ऊब येते, पायाशी मात्र जेमतेम कोमट. मधल्या रांगेत तर काहीच नाही. तिथे माझी चार वर्षांची लेक बसते आणि शेजारी सासूबाई, ज्या दोन महिन्यांसाठी पुण्याहून आल्या आहेत. बाहेर उणे २५ असताना त्यांचे गुडघे धरतात, लेकीची बोटं गार पडतात. मला हे अजिबात चालवून घ्यायचं नाही.

आणखी लक्षात आलेल्या गोष्टी: सिग्नलला उभं राहिलं की हवा अजून थंड होते, हायवेला लागलं की सुधारते. तापमानाचा काटा मध्यावर येतो आणि तिथेच राहतो. ब्लोअर सगळ्या स्पीडला चालतो.

एका गॅरेजने बॉनेटही न उघडता 'हीटर कोअर बदला' सांगितलं. त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड काढावा लागतो आणि खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर जातो. दुसरे म्हणाले, आधी थर्मोस्टॅट बदलून बघू. तोवर १२ व्होल्टच्या सॉकेटला लावायचा छोटा हीटर घ्यावा का? घ्यायचा तर कोणता?

पानापक्कड

मीनलताई, अजून कुणालाही पैसे देऊ नका. आधी उष्णता नेमकी कुठपर्यंत येते आणि कुठे अडते, ते शोधा. घरच्या घरी होण्यासारखं आहे.

गाडीतली ऊब म्हणजे इंजिनची उष्णता. इंजिनमधून गरम कूलंट (इंजिनची उष्णता वाहून नेणारा द्रव) दोन रबरी पाइपांनी डॅशबोर्डमागच्या हीटर कोअरमध्ये येऊन परत जातो. कोअर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. ब्लोअर त्यातून हवा ढकलतो आणि पुढे झडपा ठरवतात की ती हवा काचेवर जायची, तोंडावर की पायाशी.

तुमच्या वर्णनात मला दोन वेगळे दोष दिसतात. तोंडावर गरम आणि पायाशी कोमट, हा प्रकार एकट्या कोअरचा असू शकत नाही. कोअर एकच आहे, तो तोंडाला गरम आणि पायाला थंड असा भेद करत नाही. तिथे झडप किंवा हवेचा मार्ग बघायचा. उभ्या गाडीत थंड आणि वेगात गरम, हे मात्र कूलंटचं लक्षण आहे. पातळी कमी झालेली असते, आत हवा अडकलेली असते, कोअर अर्धवट तुंबलेला असतो किंवा पाण्याचा पंप थकलेला असतो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. काटा मध्यावर स्थिर राहतोय म्हणजे त्यावर माझा संशय कमी. तो उघडा अडकला असता तर हायवेला काटा खाली आला असता. तुमचं नेमकं उलटं होतंय.

आता करायचं काय:

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या डब्यातली पातळी बघा. गरम असताना झाकणाला हात लावू नका, उकळतं कूलंट अंगावर उडतं.

मग अर्धा तास गाडी चालवा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा. घरी येऊन इंजिन बंद करा आणि मगच बॉनेट उघडून केबिनकडे जाणाऱ्या त्या दोन पाइपांना हातमोजा घालून हात लावा. दोन्ही सारखे गरम असतील तर कोअरपर्यंत उष्णता व्यवस्थित येतेय, दोष झडपांचा. एक चटका देणारा आणि दुसरा कोमट असेल तर कोअर तुंबलाय किंवा प्रवाह मंद आहे. दोन्ही कोमट असतील तर कूलंट कमी आहे, नाहीतर आत हवा आहे. डॅशबोर्डमागून खळखळ आवाज येत असेल तर हवा नक्कीच.

झडपेसाठी कागदाची पट्टी घ्या. हवा पायाकडे वळवून पट्टी तिथल्या तोंडाशी धरा. पट्टी जोरात फडफडली आणि हवा कोमट लागली तर हवा पोचतेय पण उष्णता कमी आहे, पट्टी हललीच नाही तर हवाच पोचत नाही. बटण फिरवल्यावर डॅशमधून टकटक येत राहिली तर झडप फिरवणारी छोटी मोटर गेलीय. ती बदलणं कोअरपेक्षा कितीतरी स्वस्त, आणि बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्स काढला की हाताशी येते.

उत्तरेचा_वारा

एडमंटनहून. पानापक्कड यांच्या मताशी शंभर टक्के सहमत, पण मधल्या रांगेबद्दल मला वेगळं वाटतं.

बऱ्याच सात आसनी गाड्यांत मागच्या लोकांसाठी वेगळा हीटर असतो, मागच्या चाकाजवळच्या पॅनेलमध्ये. त्याला कूलंट नेणारे लांब धातूचे पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. आपल्या इथे रस्त्यावर मीठ टाकतात. दहा-बारा हिवाळ्यांत ते पाइप गंजून झिरपायला लागतात. थेंबथेंब गळती असल्याने जमिनीवर डबकं दिसत नाही, पातळी मात्र हळूहळू उतरत जाते. आधी मागचा हीटर मरतो, मग पुढचा सिग्नलला थंड पडायला लागतो. तुमची लक्षणं वाचताना मला हेच दिसत होतं. गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा आणि ते पाइप शेवटपर्यंत बघून घ्या, विशेषतः जिथे ते क्लिपमध्ये धरलेले असतात तिथे. वाळलेल्या कूलंटचा रंगीत पापुद्रा दिसतो.

तुमच्या गाडीत मागचा हीटर नसेल तर मागे हवा पुढच्या सीटखालच्या नळीतून येते. हिवाळ्यातल्या जाड रबरी मॅट त्या तोंडावर चढतात आणि सीटखाली मुलांचे बूट, टोपल्या, बर्फ खरवडायचा ब्रश जाऊन बसतो. ते आधी मोकळं करा. केबिन फिल्टरही काढून बघा. तो पानांनी आणि धुळीने भरला असेल तर हवेचा जोरच जातो, आणि लांबच्या पायांना ते सगळ्यात आधी जाणवतं.

ब्लॉक हीटर, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन विजेवर कोमट ठेवणारा हीटर, वापरता ना? निघायच्या दोन-तीन तास आधी टायमरने सुरू करा. इंजिन कोमट असेल तर ऊब किती लवकर येते ते पहिल्याच सकाळी कळेल. सुरुवातीची काही मिनिटं आतलीच हवा फिरवा, काचा धुरकटायला लागल्या की बाहेरची हवा घ्या.

ओहमचा_नियम

१२ व्होल्टच्या हीटरचं उत्तर मी देतो: घेऊ नका. त्या सॉकेटला साधारण १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो. म्हणजे जास्तीत जास्त १२० ते १८० वॅट. घरातला छोटा रूम हीटर १५०० वॅटचा असतो आणि गाडीचा स्वतःचा हीटर धडधाकट असेल तर काही हजार वॅट उष्णता देतो. उणे २५मध्ये त्या डबीने मिनीव्हॅनला काही फरक पडणार नाही. वर सॉकेट तापणं, वायर वितळणं हे धोके आहेतच.

त्याऐवजी १२ व्होल्टचं गरम ब्लँकेट घ्या. ४५-६० वॅटचं असतं, पण उष्णता थेट गुडघ्यावर मिळते, हवा तापवण्यात वाया जात नाही. सासूबाईंसाठी उत्तम. लेकीच्या सीटवर विजेचं काही नको.

गुळपोळी

मीनल, लेकीसाठी एक कळकळीने सांगते. थंडी वाजते म्हणून जाड जॅकेट घालून तिच्या कार सीटचे पट्टे लावू नकोस. जॅकेट अपघातात दाबलं जातं आणि पट्टा सैल पडतो. पातळ फ्लीस घालून पट्टे घट्ट लाव आणि वरून पांघरूण टाक, किंवा लावलेल्या पट्ट्यांवरून जॅकेटची पाठ पुढे करून हात बाह्यांत घालू दे. पायात लोकरी मोजे, आणि बूट सैल हवेत. घट्ट बुटात दोन जोड मोजे कोंबले की बोटं जास्त गार पडतात.

लेहचा_जुना_फौजी

ताई, आमचं डिझेलचं जग. डिझेल इंजिन उभं असताना फार कमी तापतं, तुमच्या पेट्रोलला ती अडचण नाही, त्यामुळे सिग्नलला थंड पडणं म्हणजे दोष आहेच. मला वेगळंच सांगायचंय. गाडी बर्फात उभी करून हीटरसाठी इंजिन चालू ठेवत असाल तर आधी उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे का बघा. बर्फाने ते बुजलं तर धूर आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंद गॅरेजमध्ये तर कधीच इंजिन गरम करत बसू नका.

मीनल_विनिपेग

सगळ्यांचे मनापासून आभार. इथे शनिवारचा दिवस सत्कारणी लागला.

पातळी किमान रेषेच्या खाली होती. दोन पाइपांपैकी एक चांगला गरम, दुसरा कोमट, आणि डॅशमागून खळखळ येते. कागदाची पट्टी ड्रायव्हरच्या बाजूला छान फडफडते, शेजारच्या सीटकडे जवळजवळ नाही. टकटक आवाज नाही. केबिन फिल्टर काळाकुट्ट निघाला, बदलला.

आणि उत्तरेचा_वारा, तुमचं बरोबर निघालं. नवऱ्याने ओळखीच्या एकाच्या लिफ्टवर गाडी चढवली. मागे हीटर आहे, आणि उजव्या चाकाच्या पुढे पाइपवर गुलाबी पापुद्रा आहे, हात लावला की ओला लागतो. तो माणूस म्हणाला, मागची लाइन पुढेच बंद करून टाकू, तासाभराचं काम, पुढचा हीटर झकास चालेल. करावं का?

पानापक्कड

विनिपेगमध्ये आणि मागे लेकरू व आजी बसत असताना? करू नका. लाइन बंद केली तर पुढचा हीटर खरंच सुधारेल, पण मागचा हीटर कायमचा गेला. गंजलेला भाग कापून त्या जागी हीटरसाठीचा जाड रबरी पाइप टाकतात, तयार संचही मिळतात. चाकाजवळ आणि सायलेन्सरजवळ तो घासणार नाही असा बांधून घ्या. दोन्ही पाइप एकाच वयाचे आहेत, दोन्ही बदला.

भरताना तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं कूलंटच घाला. वेगवेगळ्या प्रकारची मिसळली तर गाळ धरू शकतो. नुसतं पाणी तर अजिबात नको, तुमच्या थंडीत ते गोठून कोअर फोडेल. कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे असलं की साधारण उणे ३७पर्यंत गोठत नाही. गळती बुजवणारी पूड कुणी सुचवली तर स्पष्ट नाही म्हणा, ती आधी हीटर कोअरमध्येच जाऊन बसते. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. चवीला गोड असतं, मुलं आणि कुत्री-मांजरं तोंड लावतात, आणि ते विष आहे.

भरून झाल्यावर पुढचे आणि मागचे दोन्ही हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढायला सांगा. हवा निघाल्यावरही एक पाइप कोमट राहिला तरच कोअर उलट्या दिशेने, कमी दाबाने धुवून घ्या, तेही उबदार गॅरेजमध्ये. धुतल्यावर आत राहिलेलं पाणी फुंकून काढायला लावा.

शेजारच्या सीटकडची पट्टी हलत नाही हा वेगळा दोष आहे. त्या बाजूची मॅट काढून ग्लोव्ह बॉक्सखाली हात घाला, नळी सांध्यातून निसटलेली सापडण्याची शक्यता बरीच आहे. सापडली तर फोटो टाका.