अनुभव धागा: जिन्यात दिसलेला माणूस आणि त्याचं रेखाचित्र

जिन्याखालची:

नमस्कार मंडळी. हा धागा काढू की नको, यात दोन वर्षं गेली.

साल 1993, मी 19 वर्षांची. आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर एक वयस्कर बाई एकट्या राहायच्या, सगळे त्यांना मावशी म्हणायचे. एका दुपारी त्यांचा खून झाला. त्याच सुमारास एक माणूस धाडधाड जिना उतरून माझ्या अंगावरूनच गेला, खांद्याला खांदा लागला. मी "अहो, बघून!" असं काहीतरी म्हणाले. दोन सेकंद, फार तर तीन.

संध्याकाळी जबाब. रंग? म्हटलं, फार गोरा नाही, काळाही नाही. हवालदारांनी लिहिलं "निमगोरा". बांधा? म्हटलं, बरा होता. लिहिलं "मध्यम". नाक? जिन्यात धक्का मारून जाणाऱ्याच्या नाकाकडे कोण बघतं? पण बाबा दारात उभे, अर्धा वाडा खिडकीत, आणि "माहीत नाही" असं तिसऱ्यांदा म्हणायची लाज वाटली. मीच म्हणाले, "सरळ." दोन दिवसांनी सरळ नाकाचा, निमगोरा, मध्यम बांध्याचा माणूस पेपरात आला. तो कधीच सापडला नाही.

आता डोळे मिटले की पेन्सिलीतला तो माणूस दिसतो. जिन्यातला दिसत नाही.

तुमच्यापैकी कोणी साक्षीदार होतं का? कोणी चित्र काढलंय, तपास केलाय? लिहा. घरची, गावची केस असेल तर ओळखू येईल असं लिहू नका. जाहीर झालेल्या केसेसबद्दल मोकळेपणाने लिहा.

खोडरबर:

ताई, नाकाचं वाचून हसू आलं आणि लगेच अपराधीही वाटलं. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. जिल्ह्याच्या गावी पोलिसांना चित्रकार कुठला मिळणार? मुंबई-पुण्यातही हे काम बऱ्याचदा चित्रकलेच्या शिक्षकांनीच केलेलं आहे. रात्री जीप यायची, "सर, चला," की मी ड्रॉइंग बोर्ड आणि 2बी पेन्सिली घेऊन निघायचो. मानधन म्हणजे चहा.

पहिली काही वर्षं मीही नाकापासूनच सुरुवात करायचो. डोळे कसे, भुवया कशा, ओठ जाड की पातळ. माणूस गांगरतो आणि काहीतरी सांगून मोकळा होतो. आपण चेहरा पाहतो तो अख्खा, एकदम. त्याचे सुटे भाग करून कोणी डोक्यात ठेवत नाही. पुढे मी पद्धत बदलली. पहिला अर्धा तास पेन्सिल खिशात. सकाळपासून काय काय केलंत, कुठून आलात, ऊन कुठून होतं, तो दिसला तेव्हा तुमच्या हातात काय होतं? मग माणूस आपणच म्हणतो, "आमच्या शेजारच्या तलाठ्यासारखा होता, पण जरा चिडका." हे "चिडका" सोन्यासारखं. मी आधी ते काढायचो, नाक मागाहून.

एक गोष्ट मात्र पुष्कळ चित्रं काढून झाल्यावर कळली, आणि नंतर समजलं की मानसशास्त्रवाल्यांनाही प्रयोगांत तेच दिसलंय. अनोळखी चेहऱ्याचं आपल्या लक्षात राहतं ते बाहेरचं: केस, कपाळ, चेहऱ्याचा घाट. ओळखीच्या माणसाला आपण ओळखतो ते आतल्या भागावरून, डोळे-नाक-तोंडावरून. आता गंमत बघा. चित्राचं वर्णन करतो तो त्याला न ओळखणारा, आणि पेपरातलं चित्र पाहून "अरे, हा तर आपला अमका" असं म्हणायचं असतं ओळखणाऱ्याने. एकाला केस आठवतात, दुसरा डोळे शोधतो. म्हणून सख्ख्या भावाचं चित्र समोर असूनही लोक पान उलटतात.

सगळ्यात मोठी चूक सांगतो. एका खुनात दोन साक्षीदार, एक गुराखी आणि एक दूधवाला. दोघांची दोन चित्रं काढली, फारशी जुळेनात. साहेब म्हणाले, "सर, दोन छापता येत नाहीत, दोन्ही मिळून एक करा." मी केलं! एकाचं कपाळ, दुसऱ्याची हनुवटी. त्या चेहऱ्याचा माणूस पृथ्वीवर कुठेच नव्हता आणि पोलीस त्याला आठ महिने शोधत होते. ती केस अजून तशीच आहे.

मिशीवाला:

सर, ते आपणच तर नव्हे? 😄 मी तशाच एका चित्रासारखा दिसायचो.

एसटी स्टँडच्या खांबावर चित्र चिकटवलेलं होतं. तिथल्या वडापाववाल्याने सांगितलं म्हणून मला उचललं. चार तास बसवलं, मग ऑफिसचं मस्टर आणून दाखवलं तेव्हा सोडलं. मारलं वगैरे नाही, खरं ते सांगतो. घरी येऊन पहिल्यांदा मिशी काढली. दुसऱ्या दिवशी तोच हवालदार स्टँडवर भेटला. थांबला, बघितलं आणि विचारलं, "का हो, मिशी का काढली?"

परत चार तास.

क्लाइडकाठ:

मिशीवाले दादा, तुम्हाला कार्ड द्यायला हवं होतं. थट्टा नाही, इथे ग्लासगोत खरंच दिली होती.

मी इथे 16 वर्षं आहे. 1968-69 मध्ये बॅरोलँड या नाचाच्या हॉलमध्ये गेलेल्या तीन बायकांचे खून झाले. तिसरीची बहीण त्या रात्री त्याच टॅक्सीत होती, खुन्याच्या शेजारी बसून घरी आली. तो बोलता बोलता बायबलमधले दाखले देत होता, म्हणून पेपरवाल्यांनी नाव ठेवलं "बायबल जॉन". ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमधल्या एका चित्रकाराने त्याचं चित्र काढलं. नीट विंचरलेले आखूड केस, सभ्य चेहरा. ते इतकं घरोघर पोचलं की तसे दिसणाऱ्या बापड्यांना रस्त्यावर, पबमध्ये लोक धरायला लागले. शेवटी पोलिसांनी तपासून सोडलेल्यांना चक्क कार्डं दिली, हा माणूस बायबल जॉन नाही म्हणून! त्या बहिणीने पुढे शेकडो माणसं पाहिली. प्रत्येक वेळी "हा नाही". 1996 मध्ये एका मृत संशयिताचं थडगं उकरून डीएनए तपासला, तोही जुळला नाही. केस आजही उघडीच आहे.

मला राहून राहून त्या बहिणीचं नवल वाटतं. इथे तर दोन सेकंदांचा प्रश्न नव्हता. गाडीत शेजारी बसलेला, बोलत असलेला माणूस, आणि चित्रही कसलेल्या हाताचं. तरीही नाही.

खोडरबर सरांसाठी एक: इथल्याच स्टर्लिंग विद्यापीठात इव्होफिट नावाची पद्धत निघाली. तिच्यात नाक-डोळे विचारतच नाहीत. पडद्यावर अख्खे चेहरे दाखवतात, त्यातल्या त्यात जवळचे निवडायचे, संगणक त्यांचा संकर करून नवे चेहरे आणतो, परत निवडायचे. आणि केस आधी झाकतात!

खोडरबर:

केस झाकतात? वा. हे मला तीस वर्षांपूर्वी कोणी सांगायला हवं होतं.

माजी_नायब:

नायब तहसीलदार म्हणून निवृत्त. ओळख परेड बऱ्याच घेतल्या, बहुतेक तुरुंगात. एक आरोपी असेल तर त्याच्यासारखे दिसणारे निदान अर्धा डझन डमी उभे करायचे. पोलिसांनी त्या खोलीत थांबायचं नाही. आरोपीला हवी ती जागा घ्यायची मुभा, हवं तर कपडे बदलायची. कागदावर सगळं चोख.

आता सारखे दिसणारे सहाजण आणायचे कुठून? शिपायाला पाठवायचं, तो टपरीवरून, रिक्षा स्टँडवरून जमतील ते आणायचा. आरोपी चार दिवसांची दाढी वाढलेला, डमी सकाळी आंघोळ करून तेल लावून आलेले. मी दोनदा परेड पुढे ढकलली आणि बोलणी खाल्ली. एका खुनाच्या केसमध्ये साक्षीदार बाईंनी रांगेपुढून दोन फेऱ्या मारल्या आणि हात ठेवला तो चहाच्या पोऱ्याच्या खांद्यावर. तो मटकन खालीच बसला. "साहेब, मी फक्त चहा द्यायला आलो होतो." नोंद केली: साक्षीदाराने डमी क्रमांक 4 यास ओळखले. त्या केसमध्ये पुढे काही उरलंच नाही.

धाग्याच्या विषयाला धरून सांगतो. बचावाचा वकील एक प्रश्न हमखास विचारतो: "परेडच्या आधी पेपरात रेखाचित्र पाहिलं होतं का?" साक्षीदार हो म्हणाला तर ओळख चेहऱ्याची की चित्राची, हा घोळ. तसंही परेड हा स्वतंत्र पुरावा नव्हेच, नुसता आधार. खरी ओळख कोर्टात, साक्षीच्या दिवशी. आणि तो दिवस कधी उजाडेल ते तुम्ही जाणता.

पुलावरून:

तो दिवस कधी उजाडतो ते आम्ही पुणेकरांनी मोजलंय. 20 ऑगस्ट 2013, डॉ. दाभोलकर, ओंकारेश्वरजवळचा महर्षी शिंदे पूल, सकाळी सव्वासातच्या सुमारास. मी त्या पुलावरून रोज फिरायला जायचो, त्या दिवशी पावसाची भुरभुर म्हणून गेलो नाही. त्यामुळे मी साक्षीदार नाही, नुसता चुकलेला माणूस.

रेखाचित्र निघालं आणि आठवडाभर पुलावर जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत चालत होता. पुढचा क्रम सांगतो, कारण बरेच जण विसरलेत. 2016 च्या सीबीआय आरोपपत्रात गोळ्या झाडणारे म्हणून दोन नावं आली. 2018 मध्ये त्याच आरोपाखाली वेगळेच दोघे अटकेत. पुलावरच्या साक्षीदारांनी कोर्टात ओळखलं ते 2022 मध्ये, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ नऊ वर्षांनी. 10 मे 2024 ला त्या दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. त्या साक्षीदारांना, त्यात एक झाडूवाले होते, माझा नमस्कार. पण एवढ्या वर्षांनी मला माझा जुना शेजारी ओळखता येत नाही, हेही लिहून ठेवतो.

किंग्जसर्कल:

आमच्या भागात रेखाचित्र काढायलाही कोणी उरलं नव्हतं. 1985 पासून दोनेक वर्षं सायन-किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर झोपलेल्यांची डोकी दगडाने ठेचली जायची. 12 माणसं गेली. एक वेटर वाचला, पण अंधारात त्याला काही दिसलं नव्हतं. तो "स्टोनमॅन" आजतागायत कोण ते कळलेलं नाही. आम्हा पोरांना मात्र तो कसा दिसतो ते पक्कं माहीत होतं: उंच, काळा, घोंगडीवाला. कोणी सांगितलं? कोणीच नाही.

वडील याच्यावर रामन राघवचं उदाहरण द्यायचे, तोही फुटपाथवर झोपलेल्यांना मारणारा. 1968 मध्ये सब-इन्स्पेक्टर ॲलेक्स फियाल्हो यांनी फोटो आणि वर्णनावरून त्याला भर रस्त्यात ओळखलं. पण तो आधीही पोलिसांच्या हाती लागलेला होता. मुद्दा तोच की. आधी ओळखीचा हवा.

पश्चिम_किनारा:

आमच्या सॅन फ्रान्सिस्कोचा झोडियाक नावाचा खुनी. ऑक्टोबर 1969, टॅक्सीवाल्याचा खून समोरच्या घरातल्या तीन मुलांनी खिडकीतून पाहिला. फोन केला, पण वायरलेसवर वर्णन गेलं "कृष्णवर्णीय". पोलिसांच्या गाडीला वाटेत एक गोरा माणूस चालताना दिसला, ते पुढे निघून गेले. चित्र नंतर निघालं, मग वय वाढवून सुधारित निघालं. खुनी सापडला नाही.

दुसरं_वर्ष_मानसशास्त्र:

एक छोटंसं, खून नाही पण राहवत नाही. ऑस्ट्रेलिया, 1975. डोनाल्ड थॉमसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाला एका बलात्कारित बाईने ठामपणे ओळखलं. त्या वेळी ते टीव्हीवर थेट कार्यक्रमात होते, शेजारी पोलीस अधिकारी. बाईंच्या घरी तोच कार्यक्रम चालू होता, पडद्यावरचा चेहरा त्यांच्या मनात हल्लेखोराला चिकटला. आणि कार्यक्रमाचा विषय? साक्षीदारांची स्मृती!

जिन्याखालची:

सगळ्यांचे आभार. सरांचं वाचून काल धाकट्या भावाला फोन केला. तो तेव्हा 11 वर्षांचा, त्याचा जबाब कोणी घेतलाच नव्हता. सरांसारखंच विचारलं, सकाळपासून काय काय झालं ते सांग. तो म्हणतो, माणूस उतरला तेव्हा त्याच्या हातात चपला होत्या. अनवाणी होता. आणि मी नळावरून आणलेली बादली घेऊन उभी होते, तिच्यातलं पाणी सांडलं आणि त्याचे ओले पाय फरशीवर उमटले.

मला धाडधाड आवाज आठवतो. अनवाणी माणसाचा कसा येईल? आणि बादली तर मला अजिबात आठवत नाही.

खोडरबर:

ताई, दोघांची वहीत वेगवेगळी नोंद करून ठेवा. मिळवू नका. आणि त्याला बादलीचा रंग मात्र विचारू नका, तो सांगेल.